सोकोत्रा बेट: परवानगी, झाडे आणि जेवणाविषयी खानापूरच्या मित्रांना उत्तर

खानापूर आणि बेळगावच्या चार तरुण मित्रांनी सोकोत्रा बेटाविषयी विचारले आहे. त्यांतील दोघे दुबईत नोकरीला आहेत, दोघे इथेच आहेत, आणि चौघांनी मिळून येत्या हंगामात तिथे जाण्याचा बेत आखला आहे. परवानगी कशी मिळवावी, कोणत्या महिन्यात जावे, नेमके काय पाहावे आणि एक जण शुद्ध शाकाहारी असल्यामुळे त्याच्या जेवणाचे काय, असे त्यांचे चार प्रश्न आहेत. मी बेळगावात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. 2013 च्या फेब्रुवारीत शिक्षकांच्या एका छोट्या गटाबरोबर सना आणि मुकल्लामार्गे या बेटावर गेलो आणि नऊ दिवस राहिलो. तेव्हापासून या बेटाविषयीचे वाचन थांबलेले नाही, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

परवानगीचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. सोकोत्रा भूगोलाने आफ्रिकेच्या शिंगाजवळ, म्हणजे सोमालियाच्या टोकाजवळ, असले तरी कायद्याने येमेनचा भाग आहे. येमेनमधील युद्धामुळे भारत सरकारने सप्टेंबर 2017 मध्ये अधिसूचना काढून भारतीय नागरिकांच्या येमेन प्रवासावर बंदी घातली, आणि विशिष्ट, अत्यावश्यक कारणासाठी ठरावीक मुदतीपुरतीच सूट देण्याची तरतूद ठेवली. पर्यटन हे अत्यावश्यक कारण ठरणे कठीण आहे. आखातातून सहली नेणारे एजंट ‘व्हिसा आम्ही काढून देतो’ असे सांगतात आणि ते खोटे असतेच असे नाही. पण येमेनचा व्हिसा ही एक गोष्ट आहे आणि आपल्या सरकारची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. पहिली हातात आली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही. दुबईत राहणाऱ्या दोघांचा पासपोर्टही भारतीयच असल्याने नियम त्यांनाही तितकाच लागू आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाकडे लेखी चौकशी करा आणि उत्तर लेखीच घ्या. एवढा खटाटोप नको असेल, तर कायद्याची अडचण नसलेला आणि वनस्पतींच्या दृष्टीने सोकोत्राचा सख्खा शेजारी असलेला एक प्रदेश आहे. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

कारवारच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला झुकती रेघ ओढली तर ती अरबी समुद्र ओलांडून या बेटावर पोहोचते. बेळगावपासून ते सरळ रेषेत सुमारे 2,200 किलोमीटरवर आहे. लांबी साधारण 130 किलोमीटर, रुंदी 40 किलोमीटरच्या आसपास. मध्यभागी हागेर नावाचे ग्रॅनाइटचे सुळके सुमारे 1,500 मीटरपर्यंत चढतात आणि त्यांच्या भोवती चुनखडीची विस्तीर्ण पठारे पसरलेली आहेत. आपल्याकडचा सडा जांभ्याचा असतो, पावसाळ्यात पाणी धरतो आणि दोन-तीन महिने फुलांनी भरून जातो. चुनखडीचे पठार मात्र पाणी वर ठेवत नाही, ते भेगांतून खाली जाते, त्यामुळे तिथल्या झाडांनी पाणी स्वतःच्या अंगात साठवायला किंवा थेट हवेतून मिळवायला शिकून घेतले. बेट कोट्यवधी वर्षांपूर्वी अरबस्तानच्या भूभागापासून सुटे झाले आणि ही शिकवणी तेव्हापासून एकांतात चालू राहिली. 2008 साली युनेस्कोने या द्वीपसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हाच्या नोंदीप्रमाणे तिथल्या 825 वनस्पतींपैकी 37 टक्के, सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी 90 टक्के आणि जमिनीवरच्या गोगलगायींपैकी 95 टक्के जाती जगात अन्यत्र कुठेही नाहीत.

आता झाडांविषयी. तुम्ही ज्याची छायाचित्रे पाहून भुललात ते उलट्या छत्रीसारखे झाड म्हणजे ड्रॅसिना सिनाबारी. त्याच्या सालीला इजा झाली की गडद लाल राळ पाझरते आणि थिजते. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ‘हिरादखण’ नावाने जे लाल खडे मिळतात ते याच जातकुळीचे द्रव्य मानले जाते. मात्र बाजारात आज येणारा बहुतेक माल आग्नेय आशियातील एका वेताच्या फळांपासूनचा असतो. लहानपणी आजीबरोबर बाजारात गेलो असताना पाहिलेला तो लाल खडा ज्या झाडाचा म्हणून ओळखला जातो, ते झाड मी वयाच्या पन्नाशीनंतर पाहिले. डिक्समच्या पठारावर एका गुराखी मुलाने साबुदाण्याएवढा राळेचा कण माझ्या तळहातावर ठेवला. कोरडा असताना तो मातकट, जवळजवळ काळपट दिसत होता. त्याने तो दगडावर चुरडला, बोटाला थुंकी लावून त्यात फिरवले, आणि एका क्षणात दगडावर कुंकवासारखा रंग उमटला. घरी येईपर्यंत माझ्या नखांच्या कडेला तो लाल होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनातही या बेटावर झाडांतून थेंबाथेंबाने गोळा होणाऱ्या लाल द्रव्याचा उल्लेख आहे, आणि तिथे अरब, ग्रीक व भारतीय व्यापारी राहत असल्याचे म्हटले आहे.

त्या झाडाच्या आकारामागचे कारण समजून घेतले तर पाहण्यात वेगळीच गोडी येते. समुद्रावरून येणारे धुके पठारावर चढते तेव्हा तलवारीसारख्या ताठ पानांच्या दाट टोपलीत त्याचे थेंब अडकतात, पानांवरून फांद्यांकडे आणि फांद्यांवरून खोडाच्या मुळाशी उतरतात. वरची घट्ट छत्री खालच्या जमिनीला सावली देते, म्हणून मिळालेले पाणी लगेच उडूनही जात नाही. त्या सावलीत इतर लहान वनस्पतीही आसरा घेतात. एक झाड पडले की त्याच्या खालचा सगळा संसार उघडा पडतो. म्हणून सकाळी लवकर, धुके असतानाच तिथे पोहोचा आणि खोडाला हात लावून पाहा. पाऊस नसतानाही खोड ओलसर लागते.

फिर्मिहिनच्या रानात हे झाड सर्वांत दाट आहे. तिथे गेल्यावर प्रत्येक जण मान वर करून फिरतो, आणि मीही पहिल्या दिवशी तेच केले. दुसऱ्या दिवशी आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले की या रानात गुडघाभर उंचीचे एकही रोप दिसले का. आम्ही अर्धा दिवस शोधले, पण माणूस आणि शेळी या दोघांनाही पोहोचता येणार नाही अशा कड्याच्या कपारीत वाढलेली दोन-तीन रोपे सोडली, तर काही मिळाले नाही. सगळे रान म्हाताऱ्यांचे होते. शेळ्या कोवळी रोपे खातात, आणि हे झाड इतके सावकाश वाढते की शेळीच्या तोंडाच्या वर जायलाच त्याला कित्येक दशके लागतात. या झाडाच्या खोडात वर्षागणिक कडी पडत नाहीत, त्यामुळे वय फांद्यांच्या फाट्यांवरून अंदाजाने काढावे लागते, आणि तो अंदाज मोठ्या झाडांच्या बाबतीत शेकडो वर्षांपर्यंत जातो. त्यात नोव्हेंबर 2015 मध्ये चपला आणि मेघ ही दोन चक्रीवादळे आठवड्याभराच्या अंतराने बेटावर आली आणि असंख्य जुनी झाडे मुळासकट उपटून गेली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हवामान कोरडे होत गेल्यास या झाडाला मानवणारे क्षेत्र 2080 पर्यंत 45 टक्क्यांनी घटेल असे अनुमान काढले होते. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की या रानात जाल तेव्हा किमान एक तास फक्त जमिनीकडे पाहत फिरा. या बेटावर काय आहे हे छायाचित्रांतून कळते. काय उरलेले नाही हे तिथे खाली वाकल्याशिवाय कळत नाही. स्थानिकांनी कुंपण घालून जपलेल्या रोपवाटिका आहेत, त्यांना जरूर भेट द्या आणि तिथल्या माणसांशी बोला.

दुसरे झाड म्हणजे डेंड्रोसिसिओस, काकडीचे झाड. दुधी, दोडका, कारले, भोपळा हे आपले सगळे वेल ज्या कुळातले, त्या कुळात वृक्ष झालेली ही एकमेव जाती आहे. खोड हत्तीच्या पायासारखे फुगीर, फिकट, आणि माथ्यावर लोंबणाऱ्या फांद्यांचा विरळ जुडगा. दुरून ते कोणत्या कुळाचे हे काही केल्या ओळखू येत नाही. मी त्याचे एक पान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळले, आणि खानापूरच्या परसातल्या काकडीच्या वेलाचे पान चोळावे तसाच खरखरीत, बारीक काट्यांचा स्पर्श झाला. डोळ्यांना न पटलेले नाते बोटांना चटकन पटले. दुष्काळात या झाडाची खोडे फोडून, कुटून गुरांना घालण्याची तिथे पद्धत होती. त्यामुळे तेही विरळ झाले आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात सांगतो. कड्यांवर बाटलीसारखे फुगलेले ॲडेनियम फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास गुलाबी फुलते. आपल्याकडे कुंडीत लावतात त्याच जातीचा हा बेटावरचा प्रकार आहे. डाळिंबाच्या वंशात जगभरात दोनच जाती आहेत, एक आपण खातो ती आणि दुसरी या बेटावरची, जिचे फळ लहान आणि खाण्याजोगे नसते. आपल्या सालईच्या वंशातली, म्हणजे बॉस्वेलियाची, कितीतरी झाडे तिथे आहेत आणि त्यांतली काही उभ्या कड्याला चिकटून वाढतात. तिथल्या कोरफडीचा आटवलेला रस शतकानुशतके जहाजांनी मुंबईला येई. बाळंतिणीला आणि लहान मुलांना आपल्या घरांत जो काळाबोळ देत, त्यातला काही याच बेटाचा असे. आणि 1880 मध्ये आयझॅक बेली बाल्फोर या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने इथून नेलेल्या बिगोनियापासून युरोपातल्या हिवाळी बिगोनियांचे पुष्कळ वाण तयार झाले.

भूदृश्यांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण एजंट तुम्हाला तिथे नेणारच आहेत. पश्चिमेला कलन्सियाजवळचे देतवा हे उथळ खाजण रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे. पूर्वेला अर्हेर इथे वाऱ्याने कड्यावर चढवलेले वाळूचे पांढरे डोंगर आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा आहे. होमहिलच्या माथ्यावर कड्याच्या टोकाशी पाण्याचे नैसर्गिक कुंड आहे. मात्र होक गुहा कोणीही टाळू नये. किनाऱ्यापासून दीड-दोन तासांची चढण आहे, दगड सैल आहेत, आणि गुहा आत सुमारे तीन किलोमीटर जाते. तिच्या खोल अंधारात जुन्या खलाशांनी भिंतींवर आणि जमिनीवर कोरलेले, रंगवलेले मजकूर सापडले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. ते लिहिणाऱ्यांत भडोचहून आलेले व्यापारी आणि नाविक होते. त्या मजकुरांचा काळ साधारणपणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंतचा मानतात. त्यातले पुष्कळसे फक्त ‘अमुक इथे आला’ एवढेच सांगतात. बॅटरीच्या उजेडात ती अक्षरे पाहताना मला भरून आले होते. तिथे कशालाही हात लावू नका, वाटाड्याने आखून दिलेली रेषा सोडू नका, आणि आपले नाव तर कुठेच लिहू नका.

हंगामाचे गणित तुम्हाला सहज समजेल, कारण ते आपल्याच पावसाशी जोडलेले आहे. कणकुंबीला आणि जांबोटीला जो पाऊस कोसळतो तो आणणारे नैर्ऋत्येचे वारे आधी या बेटाला झोडपून येतात. जून ते सप्टेंबर वाऱ्याचा जोर असा असतो की पूर्वी या काळात बेटाचा समुद्रमार्गे जगाशी संबंधच तुटत असे. मासेमारी आजही थांबते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चक्रीवादळांचा धोका असतो आणि थोडा पाऊसही पडतो. डिसेंबर ते मार्च हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, त्यातही फेब्रुवारीचा उत्तरार्ध. सात दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर जाऊ नका. येमेनमधील राजकीय परिस्थिती हलली की विमानांचे वेळापत्रकही हलते, म्हणून परतीच्या तारखेनंतर किमान एक आठवडा मोकळा ठेवा, नोकरीत तशी रजा आधीच मागून ठेवा, आणि रोज घ्यावी लागणारी औषधे दुप्पट दिवसांची बरोबर न्या. आपले कार्ड तिथे चालेल असे गृहीत धरू नका. रोख रक्कम लागते. नेहमीचा प्रवासविमा अशा ठिकाणी लागू होत नसतो, तेव्हा पॉलिसीतील अटी स्वतः वाचा.

जेवणाचे सांगतो. किनाऱ्यावर मासे आणि भात, डोंगरात शेळीचे मटण आणि भात, आणि दोन्हीकडे तव्यावर किंवा भट्टीत भाजलेली खुब्झ ही रोटी, असा साधा आहार आहे. सुरमई निखाऱ्यावर भाजून देतात. तिच्याबरोबर टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर दगडावर वाटून केलेली चटणी येते, जिला येमेनी लोक सहावक म्हणतात. आपल्या पाट्यावरच्या ठेच्याची ती सख्खी बहीण आहे, आणि पहिल्या घासालाच घरी असल्यासारखे वाटते. जेवण जमिनीवर बसून, एकाच मोठ्या ताटाभोवती, उजव्या हाताने. चहा दुधाचा आणि वेलची घातलेला.

पण त्या बेटाची खरी चव मला एका मेंढपाळाच्या घरी कळली. त्याने शेळीचे दूध कातड्याच्या पिशवीत भरून, ती मांडीवर घेऊन संथपणे हलवत ठेवली होती. बोलता बोलता मध्येच तो कान लावून आतला आवाज ऐके. लोणी सुटल्यावर आवाज जड होतो, हे त्याने खुणेने सांगितले. मग पिशवीचे तोंड सोडून पातळ ताक वाडग्यात ओतले. त्याला धुराचा वास होता, आंबटपणा कोवळा होता, आणि वर लोण्याचे मोहरीएवढे कण तरंगत होते. त्या लोण्याचे कढवलेले तूप पूर्वी बेटावरून बाहेर विकायला जाई. भातावर ते तूप आणि शेजारी ते ताक, यापलीकडे त्या रात्री काही नव्हते, आणि मला काही हवेही वाटले नाही. शाकाहारी मित्राने काळजी करू नये. भात, डाळ, घेवड्यासारख्या बियांची उसळ, बटाटा, कांदा, टोमॅटो आणि खजूर एवढे मिळते. मात्र भाजीपाला बहुतेक बाहेरून येतो आणि कधी कधी संपतो. त्याने शेंगाचटणी, मेतकूट आणि कडक भाकरी बरोबर ठेवावी, आणि आपल्याला मांस चालत नाही हे वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगावे, कारण पाहुण्यासाठी शेळी कापल्यावर नकार देणे यजमानाला फार लागते. यजमानाच्या घरातील स्त्रियांचे छायाचित्र काढू नये. तिथे घरोघरी सोकोत्री भाषा बोलतात, जिला स्वतःची लिपी नाही आणि जी अरबीहून वेगळी आहे. तिचे दोन-चार शब्द शिकून गेलात तर चेहरे उजळतात. घरात एक बोली आणि कचेरीत दुसरी भाषा म्हणजे काय, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

एका गोष्टीवर मी विद्यार्थ्यांनाही नेहमी अडवतो, ती म्हणजे बूट. जांबोटी-चोर्ल्याच्या रानात फिरलेल्या बुटांच्या तळव्यात, नाडीत आणि मोज्यांत कुसळे, घाणेरीच्या बिया, रानमोडीच्या बिया अडकलेल्या असतात. यांतले एखादे बी त्या पठारावर रुजले तर काय होईल, हे घाणेरीने आपल्या डोंगरांचे काय केले ते पाहून ओळखा. बेटाला याचा अनुभव आहे. 1990 च्या दशकात जहाजांबरोबर आपला साधा गावकावळा तिथे पोहोचला आणि वाढू लागला. स्थानिक पक्ष्यांना धोका ओळखून तिथल्या लोकांनी, मुलाबाळांसकट, वर्षानुवर्षे प्रयत्न केले आणि 2009 मध्ये बेट कावळामुक्त केले. जगात असे यश फार थोड्या ठिकाणी मिळाले आहे. म्हणून निघण्यापूर्वी बूट साबणाने घासून वाळवा, मोजे शक्यतो नवे घ्या, पाठपिशवीचे कोपरे उलटे करून झाडा. परत येताना बी, रोप, शिंपला, प्रवाळ यांतले काहीही आणू नका. राळ हवी असेल तर गोळा करणाऱ्यांकडून चिमूटभर विकत घ्या, झाडाला स्वतः चीर देऊ नका.

आता तो शेजारी प्रदेश. ओमानच्या दक्षिणेला धोफार आहे, आणि सलाला हे त्याचे शहर. भारतीय पासपोर्टवर तिथे जाण्यास बंदी नाही आणि मस्कतहून विमाने आहेत. सोकोत्राच्या ड्रॅसिनाची बहीण, ड्रॅसिना सेरुलाटा, तिथल्या पर्वताच्या कोरड्या बाजूला वाढते. ॲडेनियमही आहे. ज्या धुपासाठी प्राचीन जगाने जहाजे आणि तांडे धाडले तो देणारी बॉस्वेलिया साक्रा सलालाजवळच्या वादी दौकामध्ये रांगेने उभी आहे आणि ते स्थळ 2000 सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. मिरबातजवळच्या वादी हिन्नात गोरखचिंचेची झाडे आहेत. डोंगरातले लोक जी जिब्बाली भाषा बोलतात ती सोकोत्रीच्याच घराण्यातली आहे. चौघांना चार-पाच दिवस आणि भाड्याची एक चारचाकी पुरे होते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुके आणि हिरवळ पाहायला गर्दी लोटते, पण झाडे नीट पाहायची असतील तर ऑक्टोबरात जा. तेव्हा धुके ओसरलेले असते, गवत अजून पुरते वाळलेले नसते, आणि कड्यावरची ड्रॅसिना रस्त्यावरून दुर्बिणीने स्पष्ट दिसते.